डुकरं पळवणारं घोरणं

बोरडोहचे देवराव नगराळे एकदा घोरायला लागले की चार शेतं पलीकडचं रानडुक्कर आल्या पावली परत जायचं. खोटं वाटत असेल तर घाटंजीच्या बाजारात बोरडोहच्या कुणालाही धरून विचारा. तो तुम्हाला पाच शेतं सांगेल.

माणूस तसा साधा. वय अठ्ठावन्न, तीन एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि मधल्या ओळींत तूर. अंगानं भरलेले, आणि मान तर अशी की सदऱ्याचं वरचं बटन लग्नानंतर कधी लागलंच नाही. मुलगा धम्मरत्न वणीकडे कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो. सून साधना गावची आशाताई, म्हणून ती बोरडोहातच राहते. आणि बायको मथुराबाई, केळापूरकडच्या. नवी नवरी होऊन आल्या तेव्हा पहिल्याच माहेरपणाला आईला म्हणाल्या होत्या, "माय, सारं बरं हाये. मानसं चांगली हायेत. फक्त रात्री घरात थ्रेशर चालते." आई म्हणाली, "होईल सवय." झाली. बायकांना कशाची सवय होत नाही!

या घोरण्यानं देवरावांना जन्मभर खाली मान घालायला लावली होती. शाळेच्या वसतिगृहात पोरांनी त्यांची खाट उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली होती, झोपलेल्या देवरावांसकट. कुणाच्या लग्नाला मुक्कामी गेले की पाहुणे आपापल्या सतरंज्या उचलून दुसऱ्या खोलीत पसार व्हायचे. वर्षावासात विहारात ग्रंथाचं वाचन चालायचं, तेव्हा देवराव हात जोडून, डोळे मिटून पहिल्या रांगेत बसायचे. एका वर्षी बाहेरगावहून आलेल्या भन्तेजींनी कौतुकानं सांगितलं, "या उपासकाचं चित्त बघा, किती लवकर एकाग्र होतं." पाचव्या मिनिटाला ते चित्त असं काही गरजलं की भन्तेजींच्या हातून पान उलटायचं राहिलं. तेव्हापासून देवरावांची जागा दाराशी, चपलांजवळ.

असा हा माणूस. सारा जन्म हसं होण्यात गेला, आणि मान मिळाला तो झोपेत.

झालं असं की तीन हिवाळ्यांपूर्वी किसनराव गावंड्यांचा दोन एकर हरभरा डुकरांनी एका रात्रीत उलथून टाकला. नांगरानं काय नांगरला असता! आणि धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून असलेल्या देवरावांच्या शेतात एक खूर उमटलेला नाही. गावानं चौकशी केली. कुंपण दोघांचंही सारखंच, म्हणजे नसल्यातच जमा. कुत्रा देवरावांकडे नाही. फटाके देवराव उडवत नाहीत. देवराव फक्त जागलीला जातात, म्हणजे पिकाची राखण करायला रात्री शेतातल्या मचाणावर झोपतात. "जागतात" असं मी म्हटलेलं नाही, नीट ऐका. झोपतात.

मग किसनरावांच्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्याच दिवशी ते देवरावांच्या दारात. "जय भीम, देवरावभाऊ. तुमचं मचाण जरा आमच्या धुऱ्याकडं सरकवता काय?"

मचाण सरकलं. त्या हिवाळ्यात किसनरावांचा हरभरा वाचला. मग पलीकडच्या धुऱ्याचे, तांड्यावरचे डोंगरसिंग राठोड नाराज झाले. "आमी का पाप केलं, देवरावभाऊ? थोडं इकडं तोंड करून झोपत जा ना!" देवराव तिकडे तोंड करून झोपले तर किसनरावांना राग. शेवटी हे प्रकरण तंटामुक्त समितीत गेलं. समितीपुढे आजवर बांधाचे तंटे आले, कोंबडीचे आले. एका माणसाच्या घोरण्यावर कुणाचा हक्क किती, हा तंटा पहिलाच. निकाल लागला: आठ दिवस किसनरावांचा धुरा, आठ दिवस डोंगरसिंगांचा.

त्या दिवशी समितीच्या ओट्यावरून उतरताना देवरावांची छाती गजभर फुगलेली होती. पन्नास वर्षं ज्याला लोक "तिकडं झोप बाप्पा" म्हणत आले, त्याला आता लोक म्हणत होते, "आमच्याकडं झोपा." माणसाला आणखी काय पाहिजे? चौकात कुणी नवखा दिसला की ते स्वतःच विषय काढायचे, "डुकराईचा लई त्रास हाये म्हने तुमच्या गावाकडं?"

पण घरात एक बाई होती, तिला यातलं काहीच गोड लागत नव्हतं.

मथुराबाईंचं म्हणणं असं की थ्रेशर पहिले सलग चालायचा. चालू दे, त्याचं काही नाही, त्याच्या तालावर तर पोरगं लहानाचं मोठं झालं. पण चार वर्षं झाली, थ्रेशर मधेच बंद पडतो. घर्र घर्र घर्र, आणि एकदम चूप. छाती वर होत नाही, नाकातून हवा येत नाही. आणि मग एकदम गुदमरल्यासारखा आवाज करून पुन्हा सुरू.

"तुमचा श्वास थांबते," त्या सांगायच्या.

"थांबते तं मंग चालू कसा होते?"

"मी कोपरानं ढोसतो तवा होते."

"ढोसते म्हनून तं माही झोप होत नाई!" देवराव पेटायचे. "रोज सकाळी बरगड्या दुखतात. कोपर हाये का कुदळ हाये तुही?"

घ्या. असं बोलणं झाल्यावर बाईनं काय करायचं? मथुराबाईंनी त्यांच्या परीनं उपाय सुरू केले. नाकात कोमट तुपाचे थेंब सोडून झाले. उशी काढून झाली, दोन उशा देऊन झाल्या. साधनानं मोबाईलवर पाहिलं होतं की पाठीला चेंडू शिवला की माणूस उताणा होत नाही, कुशीवर राहतो, आणि कुशीवर घोरणं कमी होतं. घरात चेंडू कुठला? मथुराबाईंनी बंडीच्या पाठीला खिसा शिवला आणि त्यात एक कच्चं कवठ घातलं. देवराव रात्री उताणे झाले आणि असे ओरडले की शेजारच्या तीन घरांत दिवे लागले. कवठ मात्र फुटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची चटणी झाली.

आणि दिवसा? दिवसा देवराव उभ्या उभ्या पेंगायचे. तुरीत कोळपणीचा डवरा हाणताना डोळा लागला, बैल आपले आपण घरी येऊन गोठ्यात उभे राहिले आणि मालक मागे धुऱ्यावर आडवे. लोक हसले. मग मागच्या पोळ्याच्या आधी घाटंजीहून येताना लुनावर डुलकी लागली आणि देवराव लुनासकट नालीत. गुडघा फुटला, दात हलला. लोक तेव्हाही हसले, पण मथुराबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या दिवसापासून एक नवीनच नाटक सुरू केलं. म्हणाल्या, "मले घरात एकटीले करमत नाई. मीबी जागलीले येतो."

आता गावाला आणखी काय हवं! म्हातारा-म्हातारी कंदील आणि गोधडी घेऊन रोज संध्याकाळी मचाणावर निघाली की चौकातून आवाज यायचे, "काय देवरावभाऊ, नवं नवं लगन झालं काय?" देवराव मिशीतल्या मिशीत हसायचे आणि सांगायचे, "का करता बाप्पा, बुढीले भेव लागते घरी." मथुराबाई पदर सावरून पुढे चालायच्या. भेव लागत होतं हे खरंच होतं. कशाचं, ते कुणी विचारलं नाही.

साधना मात्र सगळं बघत होती. आशाताईला गावातल्या प्रत्येकाचा बीपी पाठ असतो, सासऱ्याचा कसा नसेल? तिनं घाटंजीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, यवतमाळला नेऊन झोपेची तपासणी करून घ्या, आणि जमलं तर एक रात्र मोबाईलवर त्यांचं घोरणं भरून न्या, तिथल्या डॉक्टरांना कामी येईल. साधनानं हे घरी सांगितलं तेव्हा देवराव तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते.

"घोरनं काय बिमारी हाये?" ते म्हणाले. "माहा बापबी घोरे."

"मामाजी, ते झोपेतच गेले ना?" साधना म्हणाली.

देवरावांनी खर्रा जरा जास्तच वेळ घोटला. मग म्हणाले, "मी यवतमाळले जाऊन इलाज करतो, घोरनं बंद होते, मंग डुकरं कोन पळवन? किसनरावाचा हरभरा तू राखशीन?" आणि खर्रा तोंडात टाकून चौकात निघून गेले. आता सांगा, अशा माणसाला काय म्हणावं! जीव जातो की राहतो याची पंचाईत पडली आहे आणि याला चिंता शेजाऱ्याच्या हरभऱ्याची. खरं तर हरभऱ्याचीही नाही. पन्नास वर्षांनी मिळालेला मान जाईल, ही चिंता.

मान जायची वेळ आली, पण दुसऱ्याच वाटेनं.

यंदाच्या हिवाळ्यात डुकरं फार वाढली. डोंगरसिंगांच्या पलीकडचे दोघंही देवरावांना मागायला लागले. एक माणूस चार धुऱ्यांवर कसा झोपणार? तेव्हा किसनरावांनी डोकं चालवलं. त्यांनी पाहिलं होतं, तिकडे कुठे शेतात भोंगा लावून वाघाची डरकाळी वाजवतात. वाघाची चालते तर देवरावभाऊंची का नाही? एक रात्र आवाज भरून घ्यायचा, चार भोंगे लावायचे, की झालं.

देवरावांना ही कल्पना भलती पसंत पडली. वाघाच्या जागी आपण! त्यांनी स्वतः सुनेला सांगितलं, "साधना, तुहा मोबाईल दे. चांगला भरून घेऊ आवाज." साधनानं एका पायावर कबूल केलं, कारण डॉक्टरांनी सांगितलेलं कामही परस्पर होणार होतं. मथुराबाईंना कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी मथुराबाई वर चढायच्या आधीच देवरावांनी मचाणाच्या खांबाला मोबाईल बांधला, बटन दाबलं आणि नाटक कंपनीतल्या नटासारखे पाठ टेकून आडवे झाले.

सकाळी नऊच्या सुमारास ग्रामपंचायतीच्या ओट्यासमोर किसनरावांनी ट्रॅक्टर उभा केला. ट्रॅक्टरवर भोंगा. डोंगरसिंग आले, समितीची माणसं आली, कापूस वेचायला निघालेल्या बायका वाकड्या वाटेनं येऊन थांबल्या. देवरावांनी धुतलेला सदरा घातला होता. साधनानं मोबाईलला वायर जोडली.

घर्र! झाडावरचे कावळे उडाले. चौकातलं झोपलेलं कुत्रं उठलं आणि शेपूट घालून निघून गेलं. माणसं पोट धरून हसली. "वा देवरावभाऊ!" डोंगरसिंगांनी टाळी दिली. "हे आयकून डुक्कर काय, बिबट बी तालुका सोडन!" देवराव नको नको म्हणत हात हलवत होते आणि कान मात्र भोंग्याकडे. पहिल्यांदाच ऐकत होते ते स्वतःला. घोरणाऱ्यानं आपलं घोरणं कधी ऐकलेलं असतं?

मग भोंगा थांबला.

"वायर हालली काय?" किसनराव म्हणाले. साधनानं बघितलं. वायर जागेवर होती. आकडे पुढे सरकत होते. भोंग्यातून रातकिड्यांचा आवाज येत होता, लांब कुठेतरी टिटवी ओरडली. फक्त देवराव नव्हते. कुणीतरी हसलं, "डुकराईची वाट पाहून राह्यले." त्यावर दोघं हसले, तिसरा हसला नाही. पंधरा सेकंद झाले. वीस झाले. ओट्यावरची माणसं गप्प होत गेली. देवरावांच्या लक्षात आलं की आपणही श्वास धरून बसलो आहोत, आणि आता तो धरवत नाही. त्यांनी तो सोडला. भोंग्यातल्या देवरावांनी मात्र नाही.

तेवढ्यात भोंग्यातून मथुराबाईंचा आवाज आला.

"आवो." मग गोधडीची सळसळ. "घ्या ना जी. आवो, श्वास घ्या." मग पाठीत धप्पकन एक. आणखी एक. आणि मग असा आवाज, जसं विहिरीत बुडालेलं माणूस वर येतं. घर्र घर्र पुन्हा सुरू झालं. त्याच्या खालून मथुराबाई अगदी हळू म्हणाल्या, "हाव. झोपा आता."

साधनानं मोबाईलकडे पाहिलं. रेकॉर्डिंग साडेसहा तासांचं होतं. तिनं बोटानं ते पुढे सरकवलं, दोन तासांपुढे. घर्र घर्र, मग चूप, मग "आवो, घ्या ना जी." तिनं पुन्हा सरकवलं. चार तासांपुढे. आता मथुराबाईंचा घसा बसला होता, आणि त्या झोपलेल्या नवऱ्याशी भांडत होत्या. "मराचंच असन तं तूर निघाल्यावर मरा. मी एकटी का का करू? आयकू येते का नाई? मले सोडून जासान तं पाह्यजा मंग." धप्प. धप्प. आणि तो बुडालेल्या माणसाचा आवाज. आणि मग एक बाई एकटीच, मचाणावर, तोंडावर पदर घेऊन रडल्याचा आवाज. पाच-सहा हुंदके. त्यानंतर नाक शिंकरून, नेहमीच्या आवाजात, "हाव. झोपा."

"बंद कर वं ते!" मागून कुणीतरी ओरडलं. मथुराबाईच होत्या. कापूस वेचायची ओटी कमरेला बांधून शेताकडे निघालेल्या, आपलाच आवाज चौकात ऐकून धावत आलेल्या. "लाज नाई वाटत काय? बाईमानसाचं बोलनं भोंग्यावर लावता?" तोंड रागानं लाल झालं होतं. साधनानं घाईनं वायर ओढली.

देवराव ओट्यावरून उतरले. बायकोसमोर येऊन उभे राहिले. रोज सकाळी जी बाई कुदळीसारखं कोपर मारते म्हणून आपण गावभर सांगत फिरलो, ती ही. तिचे डोळे खोल गेलेले त्यांनी आज पाहिले. चार वर्षं त्या डोळ्यांसमोर बसून भाकरी खाल्ली होती.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"नाई तं का हप्त्यातून एकडाव?" मथुराबाई म्हणाल्या.

"अन तू झोपते कवा?"

मथुराबाईंनी ओटीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

किसनरावांनी भोंगा ट्रॅक्टरवरून उतरवला. हे गृहस्थ एरवी हरभऱ्याच्या एका घाट्यासाठी भांडणारे, पण त्यांचाही आवाज बदलला होता. "देवरावभाऊ, उद्याच्या उद्या यवतमाळले जा. जागलीचं मी पाह्यतो."

"तुमचा हरभरा..."

"खाऊ द्या डुकराईले! एक वर्स हरभरा नाई खाल्ला तं मरत नाई मी."

यवतमाळच्या डॉक्टरीणबाई वयानं साधनाएवढ्याच. त्यांनी देवरावांची मान मापली, घशात उजेड टाकून पाहिलं, मोबाईलवरचं ऐकलं आणि विचारलं, "काका, शेतात मोटर आहे?"

"किसनरावाची हाये."

"विहिरीतून पाणी ओढायला कडक पाईप का लावतात? नरम का नाही?"

"नरम लावला तं ओढल्याबरोबर आतून चिपकते ना. पानी येतच नाई."

"तुमच्या घशात तेच होतं," बाई म्हणाल्या. जागेपणी घसा ताठ असतो. झोपेत सगळ्यांचाच सैल पडतो. वाट अरुंद झाली की हवेनं आतलं मऊ मांस फडफडतं, तेच घोरणं. सर्दीनं नाक बंद असलं तरी माणूस घोरतो, आणि प्रत्येक घोरणारा काही आजारी नसतो. पण मानेवर, पोटावर वजन चढलं, त्यात उताणं झोपणं, त्यात संध्याकाळी एखादा पेला, की पाईप पूर्ण चिकटतो. श्वास बंद. मग मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो. रात्रभर हेच चाललं तर झोप होणार कधी? म्हणून दिवसा पेंग. म्हणून लुना नालीत. "आणि हृदयावर ताण पडतो तो वेगळाच. हे अंगावर काढायचं दुखणं नाही, काका."

"संध्याकाळी एखादा पेला" म्हटल्यावर मथुराबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की देवरावांनी छताचा पंखा न्याहाळायला घेतला.

तपासणीच्या रात्री देवरावांच्या डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावल्या. सकाळी निघालं की तासाला बेचाळीस वेळा श्वास अडतो. दुसऱ्या रात्री नाकावर मास्क बांधून मशीन लावलं. ते बारीक दाबानं आत हवा सोडत राहतं, पाईप चिकटू देत नाही. मास्क लावल्यावर आरशात बघून देवराव म्हणाले, "गनपतीची सोंड लावली काय मले?" आणि दहा मिनिटांत झोपले. घोरले नाहीत. गुदमरले नाहीत. लहान मुलासारखे सलग, कुशीवर, सकाळपर्यंत.

नर्सबाईंनी मथुराबाईंना तीनदा सांगितलं, बाजूच्या खाटेवर पडा, आज मशीन लक्ष ठेवतं. मथुराबाई म्हणाल्या, "मशीनले का मालूम?" आणि खुर्ची खाटेजवळ ओढून, नवऱ्याच्या छातीवर नजर लावून बसून राहिल्या. छाती वर, छाती खाली. हात अधूनमधून उचलला जायचा आणि ढोसायला काही नाही म्हणून परत मांडीवर यायचा.

सकाळी देवराव उठले ते टक्क जागे. म्हणाले, "लई भूक लागली वं मले." डॉक्टरीणबाईंनी पाढाच वाचला: वजन उतरवायचं, खर्रा बंद, पेला बंद, कुशीवर झोपायचं, आणि मशीन रोज, एक रात्रही चुकवायचं नाही. वजन उतरलं की पुन्हा तपासू. मशीनची सोय धम्मरत्ननं फोनवरच केली. मशीनला वीज लागते आणि मचाणावर वीज नाही, म्हणजे जागल संपली, हे देवरावांच्या लक्षात आलं. मानाची एकुलती एक गोष्ट होती ती. वाईट वाटलं, का खोटं बोला? पण त्यांनी बाईंना एवढंच विचारलं, "आंघोळीचं पानी कुठं भेटन?"

दुपारी यवतमाळहून बोरडोह फाट्यावरून पुढे पारव्याला जाणारी बस मिळाली. खिडकीशी देवराव, मांडीवर मशीनचं खोकं, शेजारी मथुराबाई. बस यवतमाळ सोडेपर्यंत त्या बोलत होत्या, की मशीन कुठल्या बोर्डावर लावायचं, मास्क रोज धुवायचा, उंदराला वायर दिसू द्यायची नाही. बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबल्या. देवरावांनी वळून पाहिलं. बायकोची मान त्यांच्या खांद्यावर पडली होती. तोंड उघडं, पदर घसरलेला, आणि घशातून बारीकसा घर्र घर्र आवाज.

मागच्या बाकावरचं एक कॉलेजातलं पोरगं खिदळलं. "आजी घोरून राह्यली!"

देवरावांनी मान न हलवता फक्त डोळे वळवले. "घोरू दे," ते म्हणाले.

घाटंजी आली, गेली. गर्दी चढली, उतरली, कुणाची तरी पिशवी मथुराबाईंच्या गुडघ्याला लागली, त्या हलल्या नाहीत. देवरावांचा खांदा अवघडून गेला, हाताला मुंग्या आल्या. त्यांनी हात जागचा हलवला नाही. दर थोड्या वेळानं ते खाली बघायचे. बायकोचा श्वास येत होता, जात होता.

"बोरडोह फाटा!" कंडक्टरबाईंनी दोरी ओढली. "चला काका, उतरा. तुमचंच गाव ना?"

"पुढं जाऊ द्या," देवराव हळूच म्हणाले. "पारव्याचे दोन द्या."

"पारव्याले काय काम हाये?"

"काम काही नाई, ताई. ते झोपली हाये."

फाट्यावर साधना त्यांना घ्यायला उभी होती. बस थांबली, कुणी उतरलं नाही, म्हणून ती दोन पावलं पुढे आली आणि खिडकीत सासरा दिसल्यावर तोंड उघडून हाक मारणार, तोच देवरावांनी मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. कंडक्टरबाईंनी घंटीची दोरी ओढली, तीही या वेळी हळूच, आणि बस पुढे निघून गेली.